लडलो नीट पाहायचं तर: किल्ला, बाजार, टीम नदी आणि भोवतालचा मुलूख

मुलं इंग्लंडात स्थायिक झाली की आई-बाबा उन्हाळ्यात येतात आणि मग फिरण्याची यादी निघते: लंडन, बाथ, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, जमलं तर लेक डिस्ट्रिक्ट. वेल्सच्या सीमेला चिकटलेली श्रॉपशर काउंटी या यादीत क्वचितच येते. ती यावी, आणि तिच्यातही लडलो या गावाला पुरेसे दिवस मिळावेत, म्हणून हा लेख.

लडलो हे दहा-अकरा हजार वस्तीचं बाजाराचं गाव. टेकडीच्या टोकावर किल्ला, किल्ल्याच्या दारात बाजारचौक, चौकाच्या मागे उंच मनोऱ्याचं चर्च, आणि पश्चिम-दक्षिणेकडून गावाला वळसा घालणारी टीम नदी. जुन्या, संरक्षित इमारती जवळपास ५००. पण इमारती मोजत फिरण्यात फारसा अर्थ नाही. हे गाव नॉर्मन राज्यकर्त्यांनी बाराव्या शतकात आखून वसवलं आणि ती आखणी आजही रस्त्यांवरून चालताना पायांना कळते. किल्ल्यापासून निघालेली बाजाराची रुंद पट्टी, तिच्यापासून नदीकडे उतरणारे समांतर रस्ते, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना अरुंद पण मागे खूप लांबवर गेलेले भूखंड. माझ्या मते लडलोत पाहण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. किल्ला आणि चर्च तिच्यात बसवलेले आहेत. ती अर्ध्या दिवसात दिसत नाही. बसमधून उतरून किल्ल्यापुढे फोटो काढून परतणाऱ्यांना लडलो भेटतच नाही.

किती दिवस, आणि कधी

दोन रात्री मुक्काम ठेवा. पहिला दिवस गावाला, दुसऱ्या दिवसाची सकाळ नदीला आणि दुपार स्टोकसे कॅसलला, तिसरा दिवस तुमच्या आवडीप्रमाणे डोंगराला किंवा श्रूजबरीला. एकच दिवस मिळत असेल तर फक्त गाव आणि नदी पाहा, बाकी सोडून द्या.

वार बघूनच यायचं. चौकातला उघड्यावरचा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि घरगुती उत्पादकांचा वेगळा बाजार असतो. भाज्या, फळं, चीज, मध आणि पाव घ्यायचा असेल तर तो जास्त चांगला. काही रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार लागतो. मला विचाराल तर गुरुवारी दुपारी पोहोचून शनिवारी दुपारी निघणं सगळ्यात सोयीचं: शुक्रवारचा बाजार पुरा मिळतो आणि रविवारची सामसूम टळते. लहान इंग्रजी गावांत दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात, हे भारतातून आलेल्यांना शेवटपर्यंत अंगवळणी पडत नाही. खरेदी सकाळीच उरका.

महिने म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारलाच अंधारतं. सप्टेंबरात इथला प्रसिद्ध खाद्यमहोत्सव असतो. तो १९९५ पासून चालू आहे आणि किल्ल्याच्या आवारातच भरतो. खाण्यासाठी यायचं असेल तर त्यासारखा मुहूर्त नाही. पण त्या दिवसांत किल्ला तंबू आणि स्टॉलनी भरलेला असतो, आत जायला महोत्सवाचंच तिकीट लागतं आणि गावात राहायला खोली मिळणं कठीण होतं. किल्ला शांतपणे बघायचा असेल तर तो शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या मध्ययुगीन नाताळ जत्रेचंही तसंच.

पोहोचायचं कसं

रेल्वे उत्तम. मँचेस्टर आणि कार्डिफ यांच्यामध्ये धावणारी ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सची गाडी लडलोला थांबते, म्हणजे या दोन्ही शहरांतून गाडी बदलावी लागत नाही. लंडनहून दोन मार्ग आहेत: पॅडिंग्टनहून न्यूपोर्टला येऊन गाडी बदलायची, किंवा यूस्टनहून क्रूला. दोन्हीकडून साधारण सव्वातीन ते साडेतीन तास धरा. बर्मिंगहॅमहून हेरफर्ड किंवा श्रूजबरी इथे बदल. तिथून पुढे लडलो प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आत. हीथ्रोवर उतरून थेट इकडे यायचं असेल तर लंडन शहरात शिरण्याची गरज नाही. विमानतळावरून बसने रेडिंग स्टेशन गाठा आणि तिथून न्यूपोर्टची गाडी पकडा.

दोघं मिळून फिरणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते. फक्त दोघांनी एकत्र प्रवास करायला हवा, आणि आठवड्याच्या दिवसांत सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही.

स्टेशन गावाच्या उत्तर बाजूला आहे. चौकापर्यंत दहा मिनिटांची चाल, शेवटचा टप्पा चढाचा. सामान जड असेल तर टॅक्सी आधीच सांगून ठेवा, कारण स्टेशनबाहेर ती उभी असेलच असं नाही. गाडीने येणाऱ्यांनी ए४९ रस्त्यावरून वळावं. बाजाराच्या दिवशी चौकाजवळ गाडी लावायला जागा शोधत फिरू नका. गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी ठेवून बसने आत या.

पहिला दिवस: चौक, मनोरा, किल्ला

हा क्रम मुद्दाम दिला आहे. सकाळी बाजार ताजा असतो, मनोऱ्यावर पायात दम असताना चढावं, आणि किल्ल्याच्या आतल्या भिंतींना दुपारनंतरचं ऊन छान लागतं.

चौकातून सुरुवात करा. किल्ल्याच्या दाराकडे पाठ करून उभे राहिलात की समोर दूरवर घड्याळाची एक घुमटी दिसते. ते बटरक्रॉस. १७४० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीच्या खालच्या कमानींत लोणी विकायला बसत, म्हणून हे नाव. वरच्या मजल्यावर आता छोटंसं संग्रहालय आहे. तुम्ही उभे आहात तिथून बटरक्रॉसपर्यंत आणि त्याहीपुढे बुल रिंग या रस्त्यापर्यंत पूर्वी एकच सलग, रुंद बाजारपेठ होती. काळाच्या ओघात फळ्या-कापडाच्या दुकानांच्या जागी पक्की घरं आली आणि बाजाराच्या मधोमध घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या रांगांमधल्या बोळांतून मुद्दाम चाला. आज तिथे पुस्तकं आणि चीज विकली जातात, पण बोळाची रुंदी दोन पालांमधल्या वाटेचीच राहिली आहे. चौकातली मोकळी जागा मात्र अलीकडची. इथे १८८७ चा विटांचा मार्केट हॉल होता, तो १९८६ साली पाडला आणि बाजार पुन्हा आभाळाखाली आला.

बटरक्रॉसच्या शेजारच्या बोळातून सेंट लॉरेन्स चर्चमध्ये शिरा. श्रॉपशरमधलं हे सगळ्यात मोठं पॅरिश चर्च. बाहेरून घरांनी इतकं वेढलंय की आत गेल्यावर त्याची उंची एकदम जाणवते. एवढं मोठं चर्च एका छोट्या गावाला कसं परवडलं? लोकरीमुळे. वेल्सच्या सीमेवरच्या मेंढ्यांची लोकर इथे येत असे, व्यापारी श्रीमंत झाले, आणि पामर्स गिल्ड या त्यांच्या धार्मिक संघाने पंधराव्या शतकात चर्चची मोठी पुनर्बांधणी करवली. या संघाची दंतकथा सेंट जॉन चॅपेलमधल्या काचचित्रात रंगवलेली आहे. लडलोचे यात्रेकरू यरुशलेमहून परत येतात आणि राजा एडवर्ड द कन्फेसरला त्याची अंगठी आणून देतात, अशी ती गोष्ट.

मग गायकवृंदाच्या बाकांपाशी जा. इथल्या आसनांच्या फळ्या उचलल्या की खालून छोटा आधार निघतो. लांबलचक प्रार्थनेत उभं राहताना पाद्र्याला त्यावर टेकता यावं म्हणून ही सोय. या आसनांना मिझरिकॉर्ड म्हणतात. इथे अशी २८ आहेत आणि प्रत्येकाखाली ओकच्या लाकडात कोरीवकाम आहे. बिशपचा झगा घालून हंसांना प्रवचन देणारा कोल्हा, माप मारणाऱ्या बिअरवालीला नरकात नेणारे सैतान, जलपरी, शेकोटीशी बसलेला माणूस. आपल्या मंदिरांच्या बाहेरच्या थरांवर रोजच्या जगण्यातली माणसं आणि थट्टा कोरलेली असते ना, त्याच वृत्तीचं हे काम आहे. इथे घाई करू नका. स्वयंसेवक बसलेले असतात, त्यांना विचारलंत तर कोणता कोल्हा कुठे आहे ते आनंदाने दाखवतात.

मनोऱ्याला सुमारे २०० पायऱ्या आहेत. जिना गोल, अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा, आणि कठड्याऐवजी दोर. गुडघ्यांचा त्रास किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालीच थांबावं. वर गेलात तर गावाची आखणी नकाशासारखी पायाखाली दिसते: किल्ला, बाजाराची पट्टी, नदीकडे उतरणारे रस्ते, पूर्वेला क्लीचे डोंगर. खाली आल्यावर चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला वळसा घाला. १८९६ सालच्या, श्रॉपशरवरच्या कवितांनी गाजलेल्या ए. ई. हाउसमन या कवीच्या अस्थी तिथे पुरल्या आहेत. तो जन्माने श्रॉपशरचा नव्हता, शेजारच्या वूस्टरशरचा.

जेवण आटोपून किल्ला. ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या दोन्ही संस्थांपैकी कोणाचाच तो नाही, त्यामुळे तुमच्याकडे त्यांचं सदस्यत्व असलं तरी इथे वेगळं तिकीट काढावं लागतं. हिवाळ्यात वेळा कमी होतात, तेव्हा आदल्या दिवशी किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. निदान दोन तास हाताशी हवेत.

दारातून आत गेलात की प्रशस्त हिरवळ लागते. हे बाहेरचं आवार. खरा किल्ला पलीकडे, खंदकावरचा पूल ओलांडल्यावर. अकराव्या शतकाच्या अखेरीस डी लेसी घराण्याने वेल्सच्या सीमेवर दाब ठेवायला हा बांधायला घेतला. आतल्या आवारात पहिल्यांदा लक्ष जातं ते मोकळ्यावर एकट्या उभ्या असलेल्या गोल चॅपेलकडे. बाराव्या शतकातलं हे सेंट मेरी मॅग्डलीन चॅपेल, आज छप्पर नाही, पण दाराच्या कमानीवरची नागमोडी नक्षी अजून धारदार आहे. गोल चर्च इंग्लंडात फार थोडी उरली आहेत. आत उभे राहून भिंतीलगतच्या छोट्या कमानी एकेक बघा, प्रत्येकीची नक्षी जुळतेच असं नाही.

उत्तरेच्या भिंतीला लागून महाल आहेत: मधला मोठा दिवाणखाना, दोन बाजूंना राहण्याच्या इमारती. मजले कोसळले आहेत, पण भिंतींत अधांतरी लटकलेल्या चुली आणि खिडक्या दिसतात. त्या पाहत इथे काय काय घडलं ते आठवावं. मॉर्टिमर घराण्यातला रॉजर, ज्याने राणी इझाबेलाच्या साथीने राजा दुसऱ्या एडवर्डला गादीवरून उतरवलं आणि १३३० साली स्वतः फासावर गेला, त्याची ही राजधानीच होती. चौथ्या एडवर्डने आपला लहानगा वारस इथे वाढवला. एप्रिल १४८३ मध्ये बाप वारल्याची बातमी आली, बारा वर्षांचा मुलगा राजा म्हणून इथून लंडनला निघाला, आणि पुढे धाकट्या भावासह टॉवर ऑफ लंडनमधून नाहीसा झाला. १५०१ च्या हिवाळ्यात सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर, स्पेनची राजकन्या कॅथरिन हिच्याशी नुकतं लग्न करून इथे राहायला आला. २ एप्रिल १५०२ रोजी तो इथेच आजारपणात गेला, वय पंधरा. धाकटा भाऊ आठवा हेन्री म्हणून गादीवर बसला, त्याने वहिनीशीच लग्न केलं, आणि ते मोडण्याच्या खटपटीतून इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. युरोपच्या इतिहासाला एवढं मोठं वळण देणारा मृत्यू या उघड्या भिंतींमध्ये झाला. आर्थरला वूस्टर कॅथेड्रलमध्ये पुरलं, त्याचं हृदय मात्र सेंट लॉरेन्समध्ये ठेवलं असं गावात परंपरेनं सांगतात.

वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी परिषद इथूनच चाले, म्हणजे जवळपास दोन शतकं लडलो हे वेल्सच्या कोर्टकज्ज्यांचं गाव होतं. वकील, कारकून, पक्षकार, त्यांच्यासाठी खाणावळी आणि सराया. बुल रिंगवरचं १६१९ सालचं फेदर्स हॉटेल, लाकडी नक्षीने मढवलेल्या दर्शनी भागाचं, त्याच काळातलं आहे. त्याच्यासाठी परतताना पाच मिनिटं वाकडी वाट करा. कवी मिल्टनचं ‘कोमस’ हे संगीतरूपकही पहिल्यांदा सादर झालं ते या किल्ल्याच्या दिवाणखान्यात, १६३४ च्या सप्टेंबरात. १६८९ साली परिषद बरखास्त झाली, छपरांचं शिसं गेलं आणि किल्ला ओस पडला.

इथवर पोहोचलेला कोकणचा धागा

हा धागा मराठी माणसाने किल्ल्यातच उभं राहून आठवावा असा आहे. रॉबर्ट क्लाइव्ह श्रॉपशरचा, मार्केट ड्रेटनजवळचा. प्लासीच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर तो विजयदुर्गावर चालून गेला होता. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. तुळाजी आंग्रे यांच्याशी बिनसलेल्या नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. मराठ्यांचं कोकणातलं बलाढ्य आरमार तिथे जळालं, किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली.

हाच क्लाइव्ह पुढे बंगालातून अफाट संपत्ती घेऊन मायदेशी परतला आणि १७७१ साली त्याने लडलोपासून तीनेक किलोमीटरवरच्या ब्रॉमफील्डची ओकली पार्क ही जहागीर विकत घेतली. त्याचा मुलगा एडवर्ड लडलोचा खासदार झाला, मग पॉविसच्या हर्बर्ट घराण्याचा जावई, नंतर मद्रासचा गव्हर्नर आणि पुढे पॉविसचा अर्ल. त्याने १८११ साली लडलोचा किल्ला राजाकडून १,५६० पौंडांना विकत घेतला. किल्ला आजही पॉविसच्या अर्लच्या घराण्याकडेच आहे. आडनाव हर्बर्ट लागतं, वंश क्लाइव्हचा. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाने या भिंतींना हात लावताना हे ठाऊक असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवसाची सकाळ: नदीचा फेरा

सगळ्या कार्यक्रमातला माझा सर्वांत लाडका भाग. फेरा तास-सव्वा तासाचा, थांबत गेलात तर दोन तासांचा.

बटरक्रॉसपासून ब्रॉड स्ट्रीटने खाली उतरा. वरच्या टोकाला लाकडी चौकटींची घरं, खाली जाताना अठराव्या शतकातली विटांची, सरळ रेषेतल्या खिडक्यांची. इंग्लंडातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांत याची गणना होते ती खरी आहे, आणि लोक इथे अजून राहतात हे त्याचं सौंदर्य. खाली ब्रॉडगेट: गावकुसाच्या सात वेशींपैकी एवढी एकच वेस शिल्लक आहे, तीही डोक्यावर घर घेऊन. तिच्या कमानीतून गाड्या जातात, जपून.

पुढे लडफर्ड पूल, मध्ययुगीन दगडी. ऑक्टोबर १४५९ मध्ये यॉर्कच्या ड्यूकचं सैन्य या पुलापाशी राजा सहाव्या हेन्रीच्या फौजेसमोर उभं ठाकलं होतं. रात्रीत ड्यूकच्या बाजूचे, फ्रान्समधल्या कॅले बंदरावरून आलेले कसलेले शिपाई फितूर होऊन राजाला मिळाले, ड्यूक आयर्लंडला पळाला, आणि गाव राजाच्या सैन्याने धुऊन काढलं. पुलावर पादचाऱ्यांना जागा कमी आहे, कठड्यात केलेले त्रिकोणी कोनाडे वापरा.

पूल ओलांडला की कोपऱ्यावर रस्त्याकडेला साधासा खडक उघडा पडलेला दिसतो. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ इथे येतात. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी हा भाग उथळ उबदार समुद्राखाली होता. त्या खडकात एक बोटभर जाडीचा थर माशांच्या काट्यांचा, खवल्यांचा आहे: लडलो बोन बेड. याच परिसरात जमिनीवर वावरलेल्या अगदी आद्य प्राण्यांचे, कोळ्यांच्या दूरच्या नातलगांचे आणि गोमेसारख्यांचे अवशेष मिळाले. सिल्युरियन कालखंडाच्या एका भागाला तर जगभर लडलो हेच नाव आहे, त्यातल्या एका टप्प्याला लडफर्डियन. बीजिंगच्या किंवा पुण्याच्या भूशास्त्र विभागात टांगलेल्या तक्त्यावर या छोट्या गावाचं नाव असतं. खडकाला हात लावा, पण हातोडी-छिन्नी अजिबात नाही. जागा कायद्याने संरक्षित आहे. जीवाश्म जवळून पाहायचे तर बटरक्रॉसच्या संग्रहालयात.

तिथून उजवीकडे, नदीला धरून जाणारी पायवाट म्हणजे ब्रेडवॉक. ती बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव देत, म्हणजे मजुरी दारूत जाऊ नये, असं सांगतात. एका हाताला कातळ आणि झाडी, दुसऱ्या हाताला नदी आणि बंधारे. पूर्वी या बंधाऱ्यांच्या पाण्यावर पिठाच्या आणि लोकर मळण्याच्या गिरण्या चालत. पावसानंतर वाट निसरडी होते, मध्ये पायऱ्याही आहेत. पाण्यात दगडावर बसून सतत खालीवर झुकणारा, छातीवर पांढरा ठिपका असलेला गडद तपकिरी पक्षी दिसला तर तो डिपर.

वाट डिनम पुलाशी निघते. पूल लगेच ओलांडू नका. डावीकडे व्हिटक्लिफच्या माथ्यावर चढा, दहा-पंधरा मिनिटांचा चढ. ही गावाची सामाईक जमीन, मध्ययुगापासूनची. वरून नदी, किल्ला, मनोरा आणि मागे टिटरस्टोन क्ली डोंगर एका चौकटीत येतात. सकाळी ऊन समोरून डोळ्यांवर येतं, म्हणून छायाचित्रासाठी संध्याकाळी पुन्हा या. तेव्हा मावळतीचं ऊन सरळ किल्ल्यावर पडतं. उतरून पूल ओलांडला की नदीकाठी हिरवळ आहे, मुलांना खेळायला सोडून डबा खायला उत्तम. बंधाऱ्याजवळ पाण्यात मात्र उतरू देऊ नका. तिथून किल्ल्याच्या तटाखालून चढत चौकात परत.

दुपार: स्टोकसे कॅसल

लडलोहून उत्तरेकडे पहिलंच स्टेशन क्रेव्हन आर्म्स, आठ-दहा मिनिटांवर. उतरून दक्षिणेकडे साधारण दीड किलोमीटर चाललं की स्टोकसे. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, चुकली तर पुढची तास-दोन तासांनी.

नाव कॅसल असलं तरी हे एका व्यापाऱ्याचं घर आहे. लॉरेन्स ऑफ लडलो हा त्या काळातला इंग्लंडमधला बडा लोकर व्यापारी. १२८१ साली त्याने ही जागा घेतली, १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली, आणि १२९४ साली लोकर घेऊन निघालेल्या जहाजासह समुद्रात बुडाला. त्याने बांधलेला दिवाणखाना जवळपास जसाच्या तसा उभा आहे: प्रचंड लाकडी तुळयांचं छत, मधोमध अष्टकोनी उघडी चूल, धूर निघायला वर फट. मनोऱ्याचा दगडी जिना चढून वर जा. बाहेरचं पिवळट लाकडी दरवाजाघर सतराव्या शतकातलं, त्यावर आदम आणि ईव्ह कोरले आहेत. आदल्या दिवशी लडलोचा राजेशाही किल्ला पाहिलेला असला की सीमेवरची तलवार आणि सीमेवरची लोकर या दोन्ही बाजू इथे जुळतात. जागा इंग्लिश हेरिटेजची. भारतातून आलेल्यांनी त्यांच्या आणखी दोन-तीन जागा पाहायच्या ठरवल्या असतील तर ओव्हरसीज व्हिजिटर पासचा हिशोब करून बघा.

तिसरा दिवस: एकच निवडा

चालायची हौस असेल तर चर्च स्ट्रेटन. रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं. स्टेशनहून चालत कार्डिंग मिल व्हॅलीत जाता येतं. ओढा, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, ऑगस्टमध्ये हेदर फुलून जांभळे झालेले. वर लाँग मिंडचा माथा ५१६ मीटरवर. सह्याद्रीत फिरलेल्यांना उंची किरकोळ वाटेल, पण धुकं मिनिटांत उतरतं आणि वारा झोडपतो. नकाशा आणि वाऱ्या-पावसाचं जाकीट बरोबर हवंच. पूर्ण माथा नको असेल तर दरीतूनच तासभर फिरून परत या, ते आई-बाबांनाही जमतं.

इतिहासाची ओढ असेल तर श्रूजबरी. सेव्हर्न नदीच्या विळख्यातलं मोठं गाव, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. त्याच्या चौकात क्लाइव्हचा १८६० सालचा पुतळा आहे. तो हटवावा म्हणून २०२० साली मोठी मागणी झाली होती. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीमुळे ज्याची चव आपल्याला ठाऊक आहे, त्या श्रूजबरी बिस्किटाचं नाव या गावाचंच. इथलं पारंपरिक बिस्कीट मात्र पातळ, साधं असतं. पुण्याच्या चवीची अपेक्षा ठेवून घेऊ नका. क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू पाहायच्या तर श्रूजबरीहून आणखी पुढे, वेल्समध्ये, वेल्शपूलजवळच्या पॉविस कॅसलला जावं लागेल. तिथल्या संग्रहात हजाराहून जास्त वस्तू आहेत, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूही. त्याला स्वतंत्र पूर्ण दिवस द्या, श्रूजबरीबरोबर कोंबू नका.

गाडी असेल तर दक्षिणेला हेरफर्डशरमध्ये क्रॉफ्ट कॅसल आणि बेरिंग्टन हॉल एका दिवसात होतात, दोन्ही नॅशनल ट्रस्टचे. क्रॉफ्टला घरापेक्षा जुनाट चेस्टनट वृक्षांची रांग आणि वरचा लोहयुगीन डोंगरी कोट जास्त मोलाचा. किंवा पूर्वेला क्ली हिल: ५३३ मीटरचा टिटरस्टोन क्ली, माथ्यावर रडारचे पांढरे गोळे आणि खाली पडीक खाणी. इथला काळा दगड डोलेराइट, आपल्या काळ्या पाषाणाच्या नात्यातला. त्याला स्थानिक लोक धूस्टोन म्हणतात. लडलोहून गाडीने वीस मिनिटांत माथ्याजवळ पोहोचता येतं.

खाण्यापिण्याचं

लडलोचा खाण्यातला लौकिक मोठा. एकेकाळी एवढ्याशा गावात मिशलिन तारा मिळवलेली तीन रेस्टॉरंट होती, आणि २००३ साली चित्तास्लो या संथ गावांच्या चळवळीत सामील झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं गाव. कल मांसाहाराकडे आहे: सॉसेज, शिकारीचं मांस, आणि हॅम, सफरचंद, कांदा घातलेला फिजेट पाय हा श्रॉपशरचा खास पदार्थ. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण पबमध्ये बसण्यापूर्वी सूप कशाच्या पाण्यात आहे आणि चिप्स कोणत्या तेलात तळतात ते विचारा. चीज घेताना त्यात जनावराचं रेनेट (दूध घट्ट करायला वासरांच्या पोटातून काढलेला पदार्थ) आहे का, हेही दुकानदार सांगतो. दुपारी बाजारातून पाव, चीज, टोमॅटो घेऊन नदीकाठी जेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला बेत. रात्रीच्या जेवणाचं टेबल शुक्रवार-शनिवारी आधी राखून ठेवा. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, भारतीय सवयीने साडेनऊला निघालात तर काही मिळणार नाही.

ब्रॉमफील्डचं लडलो फार्म शॉप गाडीवाल्यांनी चुकवू नये. ते ओकली पार्कच्याच जमिनीवर, म्हणजे क्लाइव्हने घेतलेल्या जहागिरीतलं आहे. शेजारच्या सेंट मेरी चर्चचं १६७२ साली रंगवलेलं छत अवश्य बघा. ढग, देवदूत आणि वचनांच्या पट्ट्यांनी ते काठोकाठ भरलंय.

ज्येष्ठांबरोबर असाल तर

गाव चढ-उताराचं आणि काही ठिकाणी दगडी फरसबंदीचं आहे. चपला-सँडल नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. नदीचा फेरा मी सांगितला तसाच, ब्रॉड स्ट्रीटने उतरून, केला तर पायऱ्या टप्प्याटप्प्याने येतात. चढ नकोच असेल तर टॅक्सीने डिनम पुलाशी उतरून हिरवळीवर बसता येतं. किल्ल्यात मनोऱ्यांचे जिने सोडून बाहेरचं आवार, गोल चॅपेल आणि दिवाणखाना सपाटीवर आहेत, तेवढं सावकाश पाहून होतं. चाकाच्या खुर्चीसाठी हिरवळीचा उतार अवघड पडू शकतो, तिकीटखिडकीवर विचारून घ्या. राहण्याची जागा ठरवताना ब्रॉड स्ट्रीटच्या खालच्या टोकाची स्वस्त खोली घेण्यापेक्षा चौकाजवळची घ्या, आणि जुन्या सरायांत लिफ्ट नसते म्हणून खोली तळमजल्यावर मागा.